सोनकांबळे सरांची कच्ची गोळी

जनावरांच्या दवाखान्यात गाय न घेता रांगेत उभा राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पुढे गाभ न राहता उलटलेली एक जर्सी गाय, मागे एक म्हैस, आणि मधे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले आमचे सोनकांबळे सर, काखेत भलामोठा थर्मास. म्हशीचा मालक त्यांना विचारत होता, "गुरुजी, तुमचं जनावर कुठं हाय?" सरांनी शांतपणे थर्मास पुढे केला. "हे काय." तो बिचारा म्हैस सोडून थर्मासकडेच बघत बसला. मी त्या दिवशी सोबत होते म्हणून सांगते, नाहीतर मलाही ही थाप वाटली असती.

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायचे तिथे सर फिजिक्सला होते. फिजिक्सवाल्यांवर माझा तसा कधीच विश्वास नव्हता. हात काळे न करता जग समजलं म्हणणारी जमात ती. सोनकांबळे सर मात्र पहिल्याच महिन्यात माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा अगेटचा खल जरा उसना पाहिजे. आणि खलायला तुमचा हात." मागणं सरळ होतं. मीही सरळ हो म्हणून टाकलं आणि पुढची काही वर्षं त्या खलात माझी मनगटं झिजवली.

त्याचं असं होतं. त्या सुमाराला जगभर एका काळ्या गोळीची धूम होती. यट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या पुडी एकत्र खलायच्या, भट्टीत भाजायच्या, दाबून बटणाएवढी गोळी करायची, आणि ऑक्सिजन सोडत पुन्हा भाजायची. ही गोळी पुरेशी थंड केली की विजेला तिच्यात अडथळाच उरत नाही. सुपरकंडक्टर. असे पदार्थ आधीही होते, पण त्यांना इतकी थंडी लागे की आमच्यासारख्यांनी त्यांचं नावही काढू नये. या नव्या गोळीला द्रव नायट्रोजनची थंडी पुरत होती. आणि द्रव नायट्रोजन मराठवाड्यात एकाच ठिकाणी मिळायचा. वळूचं वीर्य गोठवून ठेवायला सरकार तो जनावरांच्या दवाखान्यांना पुरवायचं.

लोह्याच्या वाटेवरच्या एका गावात तसा दवाखाना होता. नव्या नायट्रोजनची गाडी आली की जुन्यातला उरलेला तसाही उडूनच जायचा, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सरांना तो न्यायची परवानगी दिली होती. देणारे होते शेख चाचा, तिथले ड्रेसर. सर दिसले की चाचांची कळी खुलायची. "आले का सर. गोळीकू फिर ताप आया क्या?" असं म्हणत ते मोठ्या भांड्यातून पळीपळीनं नायट्रोजन थर्मासात सोडायचे. झाकण घट्ट लावायचं नसतं, आतली वाफ थर्मास फोडते. त्यामुळे परतीच्या एसटीत सरांच्या मांडीवरून पांढरा धूर निघत राहायचा. एकदा कंडक्टरनं गाडी थांबवली. "ह्याच्यात काय हाय? धूर निघून राहिलाय."

"थंड हाय," सर म्हणाले.

"थंडीचा कुठं धूर असतोय?"

"हिवाळ्यात तुमच्या तोंडातून निघतोय की."

कंडक्टरला हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यानं घंटी मारली. शेजारचे लोक मात्र नांदेड येईपर्यंत सरांच्या बाकड्यापासून हातभर लांब उभे राहिले.

सर चाकूरकडचे. वडील रस्त्याच्या कामावर मजुरी करायचे. घरातच काय, त्यांच्या गल्लीतही कॉलेजात शिकवणारे ते पहिले. बोलणं अगदी गावचं, आणि ते त्यांनी कधी बदललं नाही. स्टाफरूममध्ये पुण्याहून शिकून आलेले एक गृहस्थ "न्हाई" ऐकलं की ओठ दुमडायचे. सर मुद्दाम आणखी दोनदा म्हणायचे.

त्यांची एक खोड होती. दिसेल ती वस्तू ते नखानं वाजवून कानाशी न्यायचे. कप, फुटपट्टी, टरबूज, टेबल. आईनं बाजारात माठ वाजवून घ्यायला शिकवलं होतं, तेव्हापासून लागलेली सवय. भट्टीतून निघालेली गोळीही आधी वाजायची, मग मोजली जायची. टण्ण वाजली की चेहरा खुलायचा. दुसरी खोड म्हणजे एक वाक्य. कुणी काही ठासून सांगायला लागलं, मग तो प्राचार्य असो की शिपाई, सर म्हणायचे, "बघू, मग बोलू." प्राचार्यांना याचा फार राग यायचा.

ते समजावून सांगायला लागले की मात्र ऐकत राहावं. एरवी पोरं लॅटिस म्हटलं की जांभया देतात. सर विचारायचे, "एसटीत मागून पुढं चालत गेलाव का कधी? गाडी चालू असताना?" पोरं हसायची. "किती धक्के बसतात? ह्याच्यावर आपट, त्याच्या पायावर पाय दे. तारेतल्या इलेक्ट्रॉनाचं तसंच हाय. धातू म्हणजे अणूंची जाळी, आणि ती सदा हालत असतीय. गाडी जितकी हालंल तितकं अडखळणं. थंड करत गेलं की जाळीचं हालणं कमी होतं, म्हणून अडखळणं कमी होतं. म्हणून रेघ सरळ खाली येती." मग फळ्यावर एक तिरकी, सरळ रेघ. तापमान उतरतंय, रोध उतरतोय.

"आणि गाडी पुरती थांबली की?" कुणीतरी विचारायचंच.

"पुरती कधीच थांबत न्हाई. कितीबी थंड करा, थोडं हालतंच. न्हाई हालत ते जगातच न्हाई."

त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषयही हाच होता. जुन्या सुपरकंडक्टरांत या जाळीचं हालणंच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवतं, हे सिद्ध झालेलं. एक इलेक्ट्रॉन जाताना जाळी जराशी आत ओढली जाते आणि त्या खळगीकडे दुसरा येतो. या नव्या काळ्या गोळीतही जाळीच मध्यस्थ आहे का, की दुसराच कुणी, यावर जगात भांडण चालू होतं. त्या भांडणात नांदेडच्या एका कॉलेजच्या मागच्या खोलीतून, गाईच्या दवाखान्यातला नायट्रोजन आणून, आपलाही एक शब्द पडावा अशी सरांची इच्छा होती. इच्छा कसली, ध्यास होता. ते बोलून दाखवायचे नाहीत. पण गोळीला चांदीच्या लेपानं चार तारा चिकटवताना त्यांचा श्वास कसा थांबायचा ते मी शेजारी बसून पाहिलंय.

पहिली गोळी जमली तेव्हा तिचा सोहळा कॉलेजात झाला नाही, दवाखान्यात झाला. शेख चाचांनी अटच घातली होती, "एक बार हमकू भी दिखाव." थर्माकोलच्या वाटीत गोळी ठेवली, वरून नायट्रोजन ओतला, आणि तिच्यावर इवलासा लोहचुंबक सोडला. चुंबक गोळीला टेकलाच नाही. बोटभर वर, अधांतरी, गिरक्या घेत राहिला. गायी-म्हशी सोडून सगळं गाव गोळा झालं. एका आजीबाईंनी हात जोडले. सर खाली वाकून त्यांना म्हणाले, "आजी, पाया नका पडू. हा कागुद घ्या, खालून सरकवून बघा. दोरा-बिरा काई न्हाई." आजींनी कागद सरकवला, इकडून तिकडे काढला, आणि म्हणाल्या, "खरंच की रं लेकरा." त्या दिवशी सरांइतका सुखी माणूस पंचक्रोशीत नसेल.

मग भूकंप झाला.

गणपती विसर्जनानंतरची ती पहाट आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. नांदेडला भांडी पडली, घाबरून लोक रस्त्यावर आले. खरा घाला किल्लारीकडे पडला होता, ते दिवस वर आला तसं कळत गेलं. मी कॉलेजात पोचले तेव्हा सर मागच्या खोलीत भट्टीसमोर उभे होते. त्यांच्या घरची माणसं सुखरूप असल्याचा निरोप नुकताच आला होता, भिंत तेवढी गेली होती. लातूरला दवाखान्यांत जखमी माणसं ठेवायला जागा नाही, ऑक्सिजन कमी पडतोय, असं सांगत गावातली पोरं जीप घेऊन फिरत होती. आणि आमच्या भट्टीत एक नवी गोळी होती. शेवटची भाजणी चालू होती, ऑक्सिजन सोडत सोडत हळूहळू निववायची असते ती. सिलिंडर जवळजवळ भरलेला. इस्पितळांना ऑक्सिजन पुरवणाराच माणूस आम्हालाही तो द्यायचा, त्यामुळे विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. सरांनीही केला नाही. पाना घेतला, नळी काढली, आणि मला म्हणाले, "मॅडम, भट्टी तेवढी उतरवा. गोळी वाया जाईल, जाऊ द्या." सिलिंडर खांद्यावर घेऊन ते जीपमध्ये चढले आणि पंधरवडाभर आले नाहीत.

परत आले ते वाळून. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गावात लोक अजून अंगणात झोपत होते. वर्गात एखादं बाकडं करकरलं तरी पोरं दाराकडे धावायची. सर म्हणायचे, "बसा. जमीन सदाच हालत असती, आज तुमाला कळलं एवढंच." कॉलनीतल्या बायका त्यांना घरी बोलावून भिंती वाजवून बघायला लावायच्या. मीसुद्धा लावली. ते कान लावून म्हणाले, "भरीव हाय, झोपा निवांत." त्या रात्री मी खरंच घरात झोपले.

ती वाया गेलेली गोळी मात्र त्यांनी फेकली नाही. वाजवली, चांगली टण्ण वाजली, म्हणून तारा लावून मोजायला घेतली. नायट्रोजनात घातली तर चुंबक उचलेना. ऑक्सिजन कमी पडलेला, कच्ची राहिलेली गोळी, उचलणार कशी? रोध शेवटपर्यंत शून्य झाला नाही. पण सर आलेखावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "मॅडम, जरा इकडं बघा."

रेघ वरून सरळ खाली येत होती, नेहमीसारखी. आणि नायट्रोजनच्या थंडीपर्यंत पोचायच्या कितीतरी आधीच ती खाली वाकली होती. थोडीशीच. लक्ष नसेल तर दिसू नये इतकी.

"जाळी तर तशीच हालून राहिली," सर पुटपुटले. "मग अडखळणं आधीच कसं कमी झालं? गाडी त्याच वेगात हाय, पण माणसं धक्के खाईना झाली."

"तारा सैल असतील."

"बघू, मग बोलू."

त्यांनी तारा पुन्हा लावल्या. रेघ तिथेच वाकली. मग मुद्दाम ऑक्सिजन कमी देऊन आणखी कच्च्या गोळ्या केल्या, पुडी मीच खलल्या. सगळ्यांची रेघ वाकली. चांगल्या पिकलेल्या गोळीची मात्र सरळ. आता बघायचं काही उरलं नव्हतं, बोलायचंच होतं.

सर आलेख घेऊन गाईडकडे गेले. गाईड बाहेरगावच्या विद्यापीठातले, वयस्कर, बडं प्रस्थ. त्यांनी आलेख बाजूला सारला आणि म्हणाले, जी गोळी सुपरकंडक्टर होतच नाही तिचं सुपरकंडक्टरच्या प्रबंधात काय काम? कच्चा माल आहे, चुकलेला प्रयोग आहे, काढून टाका. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं बघा. सरांनी परत येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी चिडले. म्हटलं, "गाईड गेले खड्ड्यात. तुम्ही तुमच्या नावानं हा आलेख एखाद्या नियतकालिकाला पाठवा. फार तर नाही म्हणतील."

सर बराच वेळ खलाच्या कडेला नख मारत राहिले. मग म्हणाले, "तुमचं चुकलं तर लोक म्हणतील, मॅडमचं ध्यान नव्हतं. माझं चुकलं तर मी चुकलो असं म्हणणार न्हाईत, मॅडम. ह्यांचं असंच असतंय म्हणतील. माझ्यामागं गावातली पोरं येऊन राहिलीत शिकायला. त्यांच्या नावानंबी ती चूक लिहिली जाती."

ते खरं होतं, आणि आमच्याच स्टाफरूममध्ये मी ते कानांनी ऐकलेलं होतं.

प्रबंध मंजूर झाला. सगळ्या रेघा सरळ असलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा प्रबंध. पेढे वाटले गेले, प्राचार्यांनी शाल दिली. सर डॉक्टर सोनकांबळे झाले आणि मागच्या खोलीला त्यांनी कुलूप लावलं. कच्ची गोळी मी माझ्याकडे घेतली, काचेच्या डेसिकेटरमध्ये, दमट हवा लागू नये म्हणून. का घेतली ते तेव्हा सांगता आलं नसतं. फेकवेना एवढंच.

पुढे लातूरला क्लासचं वारं सुटलं. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली. गल्लीगल्लीत खानावळी, घराघरात पेइंग गेस्ट, आणि चौकाचौकात बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो. सरांचाच एक जुना विद्यार्थी, संजय, तिथे क्लास काढून बसला होता. त्यानं सरांना मागणी घातली. सरांनी राजीनामा दिला तेव्हा आमच्या कॉलेजात सगळे म्हणाले, गेला पैशाच्या मागे. मला ते पटलं नाही. पडलेली भिंत उभारायची होती, भाच्यांची शिक्षणं होती, हे खरं. पण निरोपाच्या दिवशी मी विचारलं तेव्हा ते वेगळंच बोलले. "तिथं उत्तर आधीच ठरलेलं असतंय, मॅडम. चार पर्याय, त्यातला एक बरोबर. चुकायचं भ्या न्हाई." मला रडू आलं. मी रागावल्याचं सोंग केलं.

माझी लेक मुक्ता पुढे त्याच क्लासला होती. ती घरी आली की सरांच्या गोष्टी सांगायची. मोठ्या हॉलमध्ये माइक लावून शिकवतात, पण शिकवतात असं की मागच्या रांगेतल्यालाही वाटावं आपल्याशीच बोलतायत. एसटीचा दाखला अजून द्यायचे. एकदा एका पोरानं विचारलं, सर, थंड करता करता रोध शून्य झाला तर काय होईल? सरांनी माइक खाली ठेवला, म्हणे, आणि चेहरा असा काही उजळला की पोरं गपगार झाली. "एकदा मी लोहचुंबक हवेत..." इतकंच बोलले. तेवढ्यात संजय दारात आला आणि हळूच म्हणाला, "सर, हे येत न्हाई परीक्षेला." सरांनी माइक उचलला. "घ्या, पुढचा प्रश्न." हे सांगताना मुक्ताला हसू येत होतं. मला नाही आलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी हैदराबादला एका उजळणी वर्गाला गेले. दुपारची वेळ, जेवण जड झालेलं, अर्धी माणसं पेंगत होती. पाहुण्या वक्त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला आणि माझी झोप उडाली. वरून सरळ खाली येणारी रेघ, आणि अर्ध्या वाटेत जराशी वाकलेली. तीच. ते सांगत होते, ऑक्सिजन कमी असलेल्या गोळ्यांत हे ठळक दिसतं. याला स्यूडोगॅप म्हणतात, खोटी फट म्हणा. सुपरकंडक्टर व्हायच्या वेळी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत जी फट पडायची, ती इथे कितीतरी आधीच अर्धीमुर्धी पडलेली दिसते. का पडते यावर जग अजून डोकं फोडून घेतंय. या कच्च्या गोळ्यांतच सगळं कोडं आहे, असं म्हणून त्यांनी पुढचा आलेख लावला. पुढचं मला काही ऐकू आलं नाही. परदेशात लोकांनी हे आमच्या आगेमागेच पाहिलं होतं, काहींनी थोडं आधीही. म्हणजे सरच पहिले असं काही नव्हतं. पण त्या रांगेत त्यांचीही जागा होती, गायी-म्हशींच्या मधे होती तशी. ती त्यांनी सोडून दिली होती.

घरी आल्याबरोबर मी डिपार्टमेंटला जाऊन डेसिकेटर उघडला. मधे खोल्यांची हलवाहलव झाली होती, आतली ओल शोषणारी सिलिका कधीच ओली होऊन गुलाबी पडली होती. गोळी मी कापसात गुंडाळली आणि थेट लातूर गाठलं.

चौकात सरांचा दुमजली उंचीचा फोटो होता, नावापुढे डॉक्टर. खाली खरे सर क्लासच्या छोट्या खोलीत टिफिन खात बसले होते. केस पांढरे, चष्मा जाड. मला बघून उठले. "मॅडम, या. भाकरी घ्या."

"सर, तुमची वाकडी रेघ सापडली," मी बसायच्या आधीच म्हणाले.

"स्यूडोगॅप," सर म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले. प्रवासभर मनात वाक्यं जुळवत आले होते, ती तिथेच राहिली. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"हाव. लई दिवस झाले. घरात नेट आलं तवा पहिल्यांदा तेच बघितलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

ते हसले. पोरांना समजावतात त्या आवाजात सांगू लागले. "काही जण म्हणतात, सुपरकंडक्टर होण्याआधीच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमलेल्या असतात. सोयरीक झाली, सुपारी फुटली, पण सगळ्यांनी मिळून एका चालीत निघायचं, ती वरात काही निघाली न्हाई. काही म्हणतात, ही सोयरीकच न्हाई, भलतंच काही हाय. जाळीचा त्यात हात किती, त्याचंबी भांडण मिटलं न्हाई." मग टिफिनचं झाकण लावत म्हणाले, "बघू, मग बोलू म्हणायचो न्हाई का मी? बघितलं तर होतं, मॅडम. नीट बघितलं होतं."

मला त्यांचा राग आला, गाईडचा आला, आमच्या त्या स्टाफरूमचा तर फारच आला. पण राग कुणावर काढायचा? मी पर्समधून कापूस काढला आणि त्यांच्या पुढ्यात उलगडला.

सरांनी गोळी लगेच ओळखली. "भूकंपाची," म्हणाले. काळी कुळकुळीत गोळी आता राखाडी झाली होती, कडेला पांढरा बुरा धरला होता. त्यांनी ती दोन बोटांत धरली, कानाशी नेली आणि नखानं वाजवली. ओल्या मातीच्या ढेकळासारखा आवाज आला. त्यांनी पुन्हा एकदा वाजवली.

"ओल लागली," मी म्हणाले. "सिलिका बदलायला हवी होती कुणीतरी."

"तुम्ही इतके दिवस ठेवली, लई झालं." त्यांनी गोळी खडूंसोबत शर्टाच्या खिशात टाकली. बाहेर घंटा झाली. "बसा, जाऊ नका. एक तास घेऊन येतो, मग घरी जाऊ. आमची ही रागावंल तुम्ही जेवल्याशिवाय गेलात तर."

मी बसले नाही. त्यांच्या मागोमाग जाऊन हॉलच्या दाराशी उभी राहिले. केवढी पोरं ती. सगळ्यांच्या माना खाली, पेनं तयार. सरांनी खिशात हात घालून खडू काढला, बोटांना लागलेला बुरा क्षणभर बघितला, आणि फळ्यावर तापमान आणि रोध असे दोन अक्ष काढले. एसटीचा दाखला दिला, पोरं हसली. मग वरून रेघ ओढायला घेतली. सरळ येता येता अर्ध्यावर त्यांचा हात जरासा वळला आणि रेघ खाली वाकली. हात तिथेच थांबला.

पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, ही रेघ इथं वाकडी का झाली?"

सर फळ्याकडेच बघत होते. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"चुकलं," ते म्हणाले. त्यांनी तळहातानं तेवढा भाग पुसला आणि तिथे सरळ रेघ काढली.